जमीन वाईट निघाली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मुख्य अभियंता साहेब, वहिनी, आणि समोर बसलेले माझे सहकारी,

गौरवाचं भाषण माझ्याकडे आलं, कारण जमिनीखालून आडवं भोक पाडून पाइप नेण्याची विद्या मी साहेबांच्याच हाताखाली शिकलो. ते ऋण मी नाकारत नाही.

साहेब म्हणायचे, रोगी बघून औषध द्यावं. भोकात सोडतो ते मड म्हणजे नुसता चिखल नव्हे. भुसभुशीत वाळूत त्यातली बेंटोनाइटची माती दाट हवी, नाहीतर भिंती ढासळतात. भेगा असल्या तर भुसा घालून त्या बुजवायच्या. आणि फुगणारी चिकणमाती लागली, की पोटॅशचा क्षार घातल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. ती पाणी पिते, फुगते आणि भोकाचा गळा आवळते. इतकं सोपं करून हल्ली कोण शिकवतं हो?

मग त्या गल्लीखाली काम निघालं. अर्ध्यात वाळू संपली, चिकणमाती लागली. क्षार साइटवर नव्हता. तो येईपर्यंत थांबू या, असं मी म्हणालो.

साहेब म्हणाले, "उद्या पाइप आरपार गेलेला बघायला पाहुणे येताहेत. आहे तेच मड चालू दे. दाब वाढव."

पाहुणे आले, बरं का. हारतुरेही झाले. मड मात्र पुढची वाट बंद झाल्यावर वर आलं, एका स्वयंपाकघराची फरशी फोडून, ओट्याखालून. भिंत दुभंगली. घर पाडावं लागलं. ते माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं. ताई आता माझ्या बाहेरच्या खोलीत राहते. तिची भांडी अजून खोक्यातच आहेत.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, जमीन अनपेक्षितपणे वाईट निघाली. मी शेजारीच बसलो होतो. तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. जमीन वाईट नसते, औषध चुकतं, हे ज्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं, त्यांनीच खापर जमिनीवर फोडावं? बरोबरच आहे म्हणा. जमीन काही उलटून बोलत नाही.

साहेब, तुम्ही ताईला भेटायला एकदाही आला नाहीत. म्हणून तिचा निरोप मीच आणलाय. मघाशी निघताना ती म्हणाली, "त्यांना सांग, जमीन वाईट नव्हती. तिच्यावर माझी दोन्ही पोरं चालायला शिकली."

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी. आणि क्षमा जमत नसेल, तर तेही जमिनीवर ढकला.