नगरहून उजवीकडं

...अन् वरून लोकच विचारतात, ‘काय राव, तुमचा ब्लॉग बंद पडला का?’ बंद पडायला ती काय पिठाची गिरणी आहे? बंद न्हाई, थांबलाय. दिवाळीपासून थांबलाय. ह्या न्हाई, मागच्या दिवाळीपासून... म्हणजे दोन हजार सातची दिवाळी होऊन गेली, आता आठची चार दिवसांवर आली, वर्ष झालं बराबर. पण तुम्हाला सांगतो, वेळच मिळत न्हाई हो!

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो, ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर फुकट मिळणारी वही. फरक एवढाच, की वही माणूस गादीखाली दडवतो अन् ही चौकात उघडी टाकतो, तरीबी कुणी वाचत न्हाई. माझ्या वहीचं नाव ‘तोंडावर’. का? तर जे बोलायचं ते तोंडावर बोलायचं! इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडून औरंगाबादहून पुण्याला आल्तो, डोकं तापलेलं, डीटीपीच्या दुकानात दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका टाईप करायच्या अन् मालक जेवायला गेला की त्याच कॉम्प्युटरवर आपल्या म्हाताऱ्यांची सालटी काढायची. काय काय लिहिलं! बापानं मला न विचारता कॉलेजात घातलं, मी बापाला न विचारता सोडलं, हिशोब मिटला, असं लिहिलं. चुलत्यानं आयुष्यात एकच काम केलं, दुसऱ्याच्या कामात खोट काढली, असं लिहिलं. वाचणारे म्हणायचे, ‘काय हो हे धाडस!’ कसलं धाडस? माझ्या बापाला, कडूबाला, मोबाईलचं हिरवं बटण कुठलं ते अजून दाखवावं लागतं. तो कधी ब्लॉग वाचणार? तोंडावर म्हणे! मंठ्याजवळचं आमचं गाव अन् माझी पुण्यातली खोली, मधी साडेतीनशे किलोमीटर... एवढ्या लांबून कुणीबी शूर होतो.

पण मुद्दा तो न्हाई. मुद्दा माझी बहीण. नंदा. मी अक्का म्हणतो. ती वडीगोद्रीला दिलीय, हायवेला लागून दाजीचं झेरॉक्सचं दुकान आहे. आता आमच्याकडं काय आहे, की दिवाळीला लेक माहेरी येते, पण अशी उठून येत न्हाई. तिला न्यायला माहेरचं माणूस जावं लागतं, भाऊ, चुलता, कुणीबी. त्याला म्हणायचं मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आला, जेवला, एक रात मुक्काम केला, की मंग सासरा म्हणणार, ‘घेऊन जा, भाऊबिजेनंतर आणून घाला.’ बारावी पास बाई! दुकानात कॉम्प्युटर चालवती, लोकांचे सातबाराचे अर्ज भरून देती, पण मंठ्याच्या गाडीत एकटीनं बसायचं न्हाई. का? तर बरं दिसत न्हाई. कुणाला बरं दिसत न्हाई? त्याचं नाव आजपर्यंत एकानं सांगितलं न्हाई मला!

अन् मागच्या साली आला धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो, लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. आबानं, म्हणजे माझ्या बापानं, बोलावणं धाडलं... पण फोनवर! झालं. अक्काचे सासरे अण्णासाहेब, अक्का त्यांना मामा म्हणती, ते तिकडं असे ताडकन उठले, ‘फोनवर? गॅसचा नंबर लावायचाय का? माणूस का न्हाई आला?’ ते इकडं कळलं, तर आबा अन् माझे चुलते बद्रीनाथ काका, दोघांचं एकच, ‘पेरणीच्या दिवसात माणूस कुठून आणावा? एवढाच मान पाहिजे, तर आता त्यांनी फोन करावा, म्हणावं मुऱ्हाळी धाडा. मंग धाडू.’ बघा हं, नीट बघा! एकाला फोन नको, माणूस पाहिजे. दुसऱ्याला माणूस धाडायच्या आधी फोन पाहिजे. अन् अक्काला काय पाहिजे? ते विचारायला ना फोन, ना माणूस.

तुम्हाला आणखी एक सांगतो. त्या दिवाळीच्या आधी दोघं म्हातारे, आबा अन् अण्णासाहेब, जालन्याला, मस्तगडात, एकाच कापडाच्या दुकानात समोरासमोर आले. गादीवर! दोघांनी एकमेकांकडं पाठ केली अन् पाठीला पाठ लावून एकाच पोरीसाठी दोन साड्या घेतल्या. दुकानदार आमच्या वळखीचा, त्यानं सांगितलं म्हणून कळलं. आबानं घेतलेली साडी ट्रंकेत आहे, घडी मोडलेली न्हाई. माया न्हाई असं न्हाई हो ह्या लोकांना. चीड तीच येते! माया आहे, अन् तिच्यावर कुलूप आहे, अन् किल्ली कमरेला आहे, अन् कंबर वाकायला तयार न्हाई.

तर मी पेटलो. पोस्ट टाकली, ‘यंदा मुऱ्हाळी मी!’ काय पोस्ट होती! दोन्ही म्हाताऱ्यांना धुऊन वाळत घातलं. खाली पूर्ण प्लॅन दिला. मंगळवारी पहाटे पाचला पुणं सोडणार, नगरहून उजवीकडं वळणार, शेवगाव, गेवराई, शहागडचा पूल, की एक वाजता वडीगोद्रीचा फाटा. अक्काला घेणार अन् संध्याकाळी गावात, वेशीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! मुक्काम न्हाई, परवानगी न्हाई! सतरा कॉमेंट आल्या. एक न्यू जर्सीचे गृहस्थ, ‘आपल्यासारख्या तरुणांकडे पाहून आशा वाटते, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावे.’ एक पुण्याच्या बाई, ‘डोळ्यांत पाणी आलं.’ अन् मला, खरं सांगतो, त्या सतरा कॉमेंट वाचून असं वाटलं, की काम झालं. अक्का आलीसुद्धा. आता फक्त जायचं तेवढं राह्यलंय.

गाडी वसंताची. वसंता माझ्या शाळेतला, पुण्यात कंपनीची माणसं ने-आण करतो, ओम्नी आहे स्वतःची. पंधरा दिवस आम्ही रोज चहावर प्लॅन करून राह्यलो होतो. पुढं कोण बसायचं, भजे कुठं खायचे, स्टेपनीत हवा किती... असा प्लॅन, की सैन्यानं बघून जावा. पाचला निघायचं ते साडेआठला निघालो. मंग नगर आलं. तो फाटा आला. अन् वसंता म्हणतो कसा, ‘यार, तिकडं रोड लई फुटलाय. गेवराईपर्यंत खड्डेच. औरंगाबादहून सरळ जाऊ, जल्दी पोचू. उद्या तू आबाची मोटरसायकल घे अन् जाऊन आण तिला. हाये काय अन् न्हाई काय!’

आता मी ‘तोंडावर’चा लेखक. मी काय म्हणायला पाहिजे होतं? गाडी थांबव, म्हणायला पाहिजे होतं. उतरून एसटीनं जायला पाहिजे होतं. मी काय म्हणलो?

‘बरं.’

घरी पोचलो. आबा ओट्यावर. मनात तीन पानी भाषण तयार. आबानं बघितलं, म्हणले, ‘आला? हातपाय धू.’

मी हातपाय धुतले.

चार दिवस, तुम्हाला सांगतो, मी हातपायच धूत होतो! रोज माय चुलीपाशी हळूच विचारायची, ‘नंदाकडं कुणी जातंय का रं?’ अन् मी चिवड्याची मूठ तोंडात घालून म्हणायचो, ‘उद्या बघू माय.’ मोटरसायकल दारातच उभी होती. पेट्रोल होतं. आबाला म्हणायचं होतं फक्त, ‘आबा, मी अक्काला आणायला चाललो.’ पाच शब्द. दीड हजार शब्दांची पोस्ट लिहिणाऱ्या माणसाला पाच शब्द जमले न्हाईत! अन् ब्लॉगवर मी ह्यांना म्हणायचो भेकड.

पुण्याला परत आलो. ब्लॉग उघडला. सतराखाली अठरावी कॉमेंट. इंग्रजी अक्षरांत मराठी, लावून लावून वाचावी लागली... ‘कचरू, तुझं वाचलं. ह्यांनी मामांनाबी वाचून दाखवलं, शिव्या सोडून. मामा म्हणले, पोरगं घर चुकायचं, अन् नवं धोतर नेसून स्वतः फाट्यावर जाऊन बसले. चारपर्यंत वाट बघितली. तुझं जेवण झाकून ठेवलं होतं. तब्येत बरी हाये ना? नंदा.’

तब्येत बरी हाये ना!

शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं हो. शिवीला शिवी मला येते. ह्याला काय लिहायचं? ‘रस्ता फुटलेला होता’ लिहिलं, पुसलं. ‘काम निघालं’ लिहिलं, पुसलं. अन् ते अण्णासाहेब... मी ज्यांना धुऊन वाळत घातलं, ते नवं धोतर नेसून फाट्यावरच्या दगडावर. त्यांना माणूस पाहिजे होतं, अन् माणूस येतोय म्हणल्यावर ते उठून सामोरे आल्ते. आले न्हाईत ते आमच्याकडचे. म्हणजे मी.

तवापासून नवी पोस्ट टाकायला बसलं, की वर ‘यंदा मुऱ्हाळी मी!’ अन् खाली ती अठरावी. तिच्यावर काय टाकायचं? गणपतीवर लेख? कापसाच्या भावावर? म्हणून मंग लोकांना सांगतो, वेळच मिळत न्हाई. दहा तास कॉम्प्युटरपुढं बसतो मी. मालक दोन तास जेवायला जातो. वेळच वेळ आहे!

म्हणून ह्या वर्षी ठरवलं, पोस्ट न्हाई. कुणाला सांगायचं न्हाई. अक्कालाबी न्हाई. सांगितलं की झाल्यासारखं वाटतं, ही माझी बीमारी मला कळलीय. फक्त वसंताला धरलं, म्हणलं, ‘पुढची सीट माझी, अन् नगर आलं की तू तोंड उघडायचं न्हाई.’ तो म्हणतो, ‘फाट्यावर तूच बदलला होता यार, मी नुसतं विचारलं होतं.’ बघा! हे बी खरंय साल्याचं.

घरून रोज फोन. आबा मोबाईलमध्ये असे वरडतात, की मोबाईल नसता तरी ऐकू आलं असतं. ‘येताना फवाऱ्याचा नोझल आण! इथं बिलकुल मिळंना!’ मागून बद्रीकाका, ‘अन् त्या वसंताला म्हणावं, टायर बघून घे!’ मी रोज मनात म्हणायचो, आज सांगतो, आबा, मी आधी वडीगोद्रीला चाललोय. अन् रोज म्हणायचो, ‘किती नंबरचा नोझल?’ पण ठरलं होतं पक्कं. उद्या पहाटे निघायचं. एक दिवस आधी सांगू... निघाल्यावर सांगू... अक्का गाडीत बसल्यावर सांगू!

अन् आज दुपारी घरून फोन. मी उचलला, म्हणलं आबा असतील, कान लांब धरला. तर आवाज बारीक.

‘कचरू, निघाला का न्हाई?’

‘अक्का? तू कुठून?’

‘घरून. काल आले.’

‘कोण आल्तं न्यायला? काका?’

‘कुणी न्हाई. सकाळच्या एसटीत बसले. अंबड, जालना, मंठा.’

‘एकटी?’

‘एकटी कशी? पन्नास माणसं होती गाडीत.’

म्हणलं, ‘अन् अण्णासाहेब?’

‘मामांना म्हणलं, जाऊन येते. ते म्हणले, मुऱ्हाळी कुठाय? म्हणलं, मागच्या साली निघालाय, येईलच. ते हसले. कधी न्हाई ते हसले बघ. तुझ्या दाजींनी स्टँडवर सोडलं.’

‘अन् आबा?’

‘आबा बघत राह्यले. मंग म्हणले, उन्हाची कशाला आली?’

‘एवढंच?’

‘मंग अजून काय? माय थोडी रडली. म्हैस नेहमीएवढंच दूध देऊन राह्यली.’

तुम्हाला सांगतो, मी रिकाम्या दुकानात उभा. दीड वर्षाचं भांडण, दोन म्हातारे, दीड हजार शब्द, सतरा कॉमेंट, नकाशा, स्टेपनी... अन् तिनं पिशवी उचलली अन् गाडीत बसली. बसल्यावर लिहिलंबी न्हाई कुठं. राग मी करत होतो, अन् रागाचं काम ती करून आली, राग न करता. मला आनंद झाला का? झाला. लाज वाटली का? आता तेबी मीच सांगू का?

तेवढ्यात फोन ओढल्याचा आवाज. बद्रीनाथ काका.

‘कचरू! हे बघ, झालं ते झालं. पण आता हिला भाऊबिजेनंतर एकटीला परत लावून देणं काही बरं दिसत न्हाई. मी अन् कडूबा बसलो, बोललो, ठरवलं. तू पोचवून ये.’

म्हणलं, ‘मी? तुम्ही का न्हाई जात?’

‘आम्ही? आम्हाला कुठं बोलावणं आलंय!’

मागून आबा, ‘त्याला म्हणावं, इस्त्रीचा शर्ट आण! त्यांच्यापुढं बावळ्यासारखं जाऊ नको!’

तुम्हाला वाटत असंल, आता हा तोंडावर बोलला असंल. बोलायची जागाच होती ती. श्वास घेतला होता मी. पण तिकडं दोघं वाट बघत होते अन् मागं अक्का खुदकन हसली, मला ऐकू आलं.

म्हणलं, ‘बरं.’

आता हसा तुम्हीबी. पोरीला आणायचं होतं, तर दीड वर्ष घरात एक माणूस निघंना. पोचवायचं म्हणल्यावर पाच मिनिटांत ठरला... अन् तो बी मी.