डावीकडे रबर, उजवीकडे पॉलियुरेथेन

हसू नका, पण पॉलिमरमध्ये डॉक्टरेट मिळवून ज्याला स्वतःच्या गाडीचे बुश निवडता आले नाहीत, असा माणूस मीच. चाकांच्या सांध्यांतल्या या छोट्या उश्या झिजल्या होत्या आणि बायकोनं बजावलं होतं, "माझी कंबर दुखून राहिली. आता दणके बसले, तर तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही."

मेकॅनिक मनोहरनं विचारलं, "सर, रबर लावू का पॉलियुरेथेन?"

"रबर मऊ, पण लवकर जातं. पॉलियुरेथेन टिकतं, पण कडक. तुझं मत?"

"म्याडमची कंबर दुखते ना? मंग रबर."

एवढं सोपं उत्तर बरोबर कसं असेल? चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ते पटेना. मी डावीकडे रबर आणि उजवीकडे पॉलियुरेथेन लावायला सांगितलं.

"काऊन सर? गाडी हाय का प्रयोगशाळा?"

"तुलना नको का करायला?"

नागरा गावच्या देवळात जाताना बायकोला मागं डावीकडे बसवलं, येताना उजवीकडे. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढत होती. ते निरीक्षण मी मनातच ठेवलं. अर्ध्या वाटेत तिनं गाडी थांबवायला लावली आणि ती उतरून चालू लागली. हाच निष्कर्ष आहे, हे एखाद्या अडाण्यालाही कळलं असतं. मी मात्र गाडी तिच्या बाजूनं हळूहळू नेत, काच खाली करून विचारलं, "पण दणके कशात कमी बसले?"

ती न थांबता म्हणाली, "चालण्यात."