शांताचा भाऊ

—नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो, इकडं या, माझ्या बाजूला. आत्ताच डायलिसिसला आत घेतलं ना तुमच्या मिसेसना? मग चार तास धरून चाला. मधेच कोणी बोलावणार नाही, आणि काचेतून वाकून बघितलं तर सिस्टर रागावते — मी चार वर्षं येतोय, मला पण रागावते. तुम्ही मराठी ना? ‘घाबरू नको, मी बाहेरच आहे’ म्हणालात त्यांना, ते ऐकलं मी. इथं इंदूरमधे काय आहे की आपले लोक पण घरात हिंदीच बोलतात, म्हणून कानाला लगेच कळतं. कुठून, सांवेरहून? बसनं? अच्छा, मोटरसायकल. आज जाताना मात्र त्यांना मोटरसायकलवर नका नेऊ भिया, पहिल्या वेळी बीपी खाली जातं, चक्कर येते, मागच्या मागे पडतील. ऑटो करा, बसनं जा, काही करा. आणि पुढच्या वेळी जाड चादर आणा. रक्त बाहेर फिरून परत येतं ना, तर थंडी वाजते, मे महिन्यात पण वाजते — हे कोणी सांगत नाही, मला पण कोणी सांगितलं नव्हतं.

माझी? बहीण. बायको नाही, बहीण. शांता. सातला लागली, अकराला सुटेल. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार वर्षं — एक पण चुकला नाही. स्ट्राइक असो, रंगपंचमी असो, रस्ते बंद असोत, मी तिला आणलंय. आमच्या चर्चमधे म्हणतात, भाऊ असावा तर सॅम्युअलसारखा. मी सॅम्युअल. आम्ही ख्रिस्ती — आजोबा नगरकडून महूला आले, मिलिटरीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, मग वडील इंदूरला, मग आम्ही. मी बिजली कंपनीतून रिटायर झालो. शांता माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लग्न नाही केलं तिनं. म्हणजे — झालं नाही म्हणा. आई पडून होती ना. अकरा वर्षं आई पडून, आणि शांता शाळेत शिकवून यायची, आल्यावर आईचं सगळं करायची, सगळं म्हणजे सगळं, मी काय सांगू. मी शेजारच्याच कॉलनीत. रविवारी जायचो. संत्री घेऊन जायचो.

आई गेली आणि वर्षभरात हिच्या पायाला सूज. आम्ही म्हटलं थकवा असेल, इतकी वर्षं केलं, आता अंग मोकळं होतंय. ती पण तेच म्हणाली. मग सकाळी तोंड सुजायला लागलं, मग अन्नावरची वासना गेली, आणि रिपोर्ट आला तोपर्यंत दोन्ही किडन्या गेलेल्या. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा पण धरायचा. नारळपाणी बंद, केळं बंद, मीठ जवळजवळ बंद. इंदूरमधे राहून शेव बंद म्हणजे तुम्ही समजा. तिच्या डाव्या हातात नस जोडली आहे, तिथं बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. तुमच्या मिसेसना पण करतील. त्या हातात बांगडी घालू देऊ नका, त्या हातानं बादली उचलायची नाही.

काय? हां, ते सगळेच विचारतात. तुमच्याकडे बघतायत ना आता, भाऊ, आई, किडनी कोणाची जुळते ते? बघा. बघायलाच पाहिजे. नाही — आमच्याकडे नाही जुळली. मी केली ना टेस्ट. मी एकटाच तर आहे तिला. ब्लड ग्रुप दोघांचा ओ पॉझिटिव्ह, पण त्याच्या पुढचं असतं ना, टिशू म्हणतात, ते नाही जुळलं. होतं असं. मग दुसऱ्या लिस्टमधे नाव घातलंय, कोणी अपघातात वगैरे गेलं की त्यांच्या घरचे देतात — तर त्या लिस्टमधे. चार वर्षांत दोनदा फोन आला, दोनदा आम्ही बॅग घेऊन पळत आलो, दोनदा दुसऱ्याला लागली. शांता म्हणाली, त्याला जास्त गरज असेल. आणि घरी येऊन मुलांच्या वह्या तपासायला बसली.

चर्चमधे दर रविवारी तिच्यासाठी प्रार्थना होते. पास्टर नाव घेऊन म्हणतात, प्रभू, आमच्या शांताताईंसाठी दाता पाठव. आणि मी पहिल्या बाकावर उभा असतो, सगळे माझ्या खांद्यावर हात ठेवतात. सुरुवातीला तर लोक माझ्यासाठी रडले. बिचाऱ्याची इच्छा होती, पण देवानं नाही जुळवलं. शांतानं स्वतः माझी समजूत घातली. हॉस्पिटलमधून आम्ही खाली आलो, पोह्याच्या ठेल्यापाशी उभे होतो, आणि ती माझा हात धरून म्हणाली, ‘दादा, मनाला लावून नको घेऊ, तू तयार होतास हेच पुष्कळ झालं.’ मी पोहे खाल्ले. दोन प्लेट खाल्ले. आणि डॉक्टर तर अर्ध्या तासापूर्वी मला म्हणाले होते, सख्ख्या भावंडांत चारातल्या एकालाच इतकं छान जुळतं, तुम्ही नशीबवान —

हो. आत्ता वेगळं बोललो मी. मघाशी वेगळं बोललो होतो.

जुळली होती.

काय असतं, ते देणाऱ्याला एकट्याला आत बोलवतात. घरचं कोणी नको. दार लावून घेतात आणि विचारतात, तुमच्यावर कोणाचं दडपण तर नाही ना. चांगली पद्धत आहे, बायकांना फार दडपण असतं, म्हणून करतात. डॉक्टर तरुण होते, सभ्य. म्हणाले, साहेब, मनात नसेल तर आत्ता सांगा, काही वाईट वाटून घेऊ नका, आम्ही बाहेर एवढंच सांगू की तुम्ही देऊ शकत नाही, का ते कोणाला कळणार नाही. टेबलावर एक प्लॅस्टिकची किडनी होती, अर्धी उघडी, आत लाल-निळ्या नळ्या. मी तिच्याकडे बघत होतो. आणि माझी मान हलली, नाही म्हणून. तोंडानं मी काही बोललो नाही — एक शब्द नाही, खरं सांगतो. मान हलली. ते म्हणाले ठीक आहे, आणि कागदावर लिहिलं. जुळली नाही असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही हां, ते बाहेर येऊन मी सांगितलं.

घाबरलो का? सगळ्यात सोपं ते म्हणणं. पण घाबरलो पण नव्हतो. बायकोनं अडवलं म्हणावं, तर तिनं माझ्यासाठी आधीच नवीन पायजमे शिवून घेतले होते, हॉस्पिटलमधे घालायला. ते अजून कपाटात आहेत. नंतर दोन-तीनदा वाटलं, जाऊन सांगावं, चूक झाली, घ्या माझी. वाटायचं मंगळवारी, मग गुरुवार यायचा. म्हटलं पाऊस होऊ दे, म्हटलं नाताळ होऊ दे. माणूस रोज इथं येऊन बसतो ना, तर त्याला वाटतं आपण करतोय काहीतरी.

मग ईस्टरला सगळे जेवायला बसलो होतो आमच्याकडे, आणि माझी मुलगी, पूर्वा, बँकेत आहे, चोवीस वर्षांची — ती एकदम म्हणाली, ‘बाबांची नाही जुळत तर माझी बघा, मी आत्याला देते.’ असं, वरण मागावं तसं. तेव्हा मात्र माझा आवाज निघाला. इतका मोठा की शेजारचे दारात आले. मी काय काय बोललो — तुझं लग्न व्हायचंय, तुला कळतं का, माझ्या घरात हा विषय नको. पूर्वा ताटावरून उठली. नंतर शांता बाहेर झोपाळ्यावर तिला जवळ घेऊन सांगत होती, तुझं मी नाही घेणार बेटा, तुझी तर मी लंगोटं बदललीत. पण त्या दिवशी तिनं जेवताना माझ्याकडे बघितलं ते — मी काय सांगू. वाईट नव्हतं बघणं. हिशेब लागल्यावर मास्तरीण बघते, तसं.

आणि गेल्या वर्षी मला शुगर निघाली. चांगली साडेतीनशे. आता खरंच माझी कोणी घेणार नाही. जे खोटं सांगितलं होतं ते आता खरं झालं. मी रिपोर्ट घेऊन शांताला दाखवायला गेलो, का गेलो माहीत नाही. तिनं बघितला, घडी घालून परत दिला, म्हणाली गोड कमी कर.

मागच्या शनिवारी मी तिला इथून कारनं नेत होतो. ती मागे डोकं टेकून बसली होती, डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली. आणि तशीच डोळे मिटून म्हणाली, ‘दादा, त्या प्रार्थनेला तू उभा राहात जाऊ नको. बाकी सगळ्यांचे ओठ हलतात, तुझे हलत नाहीत. मला दिसतं.’ मी गाडी चालवत होतो. मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘मी तुझ्या जागी असते ना, तर मी पण नसती दिली.’

खोटं. साफ खोटं. अकरा वर्षं आईचं करणारी बाई — तिनं दोन्ही दिल्या असत्या. उभ्या आयुष्यात ती कधी खोटं बोलली नाही भिया, शाळेत मुलांसमोर नाही, कोणासमोर नाही, आणि बोलली तर हे. मला रडायला यायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. नाही आलं. पुढं पंप लागला, मी पेट्रोल भरलं, हवा चेक केली, तिला घरी सोडलं. रविवारी चर्चमधे परत पहिल्या बाकावर उभा राहिलो. नाही राहिलो तर लोक विचारतील ना, काय झालं. ती समोर पायपेटीपाशी बसली होती, पेटी वाजवते ती अजून, उजव्या हातानंच. माझ्याकडे बघितलं नाही. वाजवत राहिली.

आता तुम्ही असं नका बघू. मी तुम्हाला काही करा म्हणत नाही, काही नका करू म्हणत नाही. तुम्ही विचारलं म्हणून — नाही, तुम्ही पण एवढं विचारलं नव्हतं.

थांबा, दार उघडलं. आली ती. — चल शांता, हळू, हात दे, तो नाही, दुसरा. चक्कर नाही ना? हे इथंच बसले होते, ह्यांच्या मिसेसची पहिली वेळ आहे, मी चादरीचं सांगत होतो ह्यांना. हे आपले — तुमचं नाव विचारायचंच राहिलं बघा. नको, राहू द्या. नका सांगू.