कोणासाठी, ते विचारायचं नाही

अहो, अध्यक्ष कसला, गळ्यात धोंडा बांधलाय धोंडा! लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करतात, हातात हात घेऊन हलवतात, आणि हलवून झाला की तोच हात पटकन खिशावर ठेवतात. का? तर आता हा काहीतरी मागणार! तुम्हाला सांगतो, माणसं मला बघून रस्ता बदलायला लागली. आमच्या बटणवाल्या आजी, म्हणजे कोपऱ्यावर ज्यांचं बटणांचं आणि लेसचं दुकान आहे त्या, त्यांनी मला काचेतून येताना पाहिलं आणि दारावरची पाटी फिरवली, 'बंद'. आत बसल्यात, मला दिसतायत, मी हात करतोय, त्याही हात करतायत, पण पाटी 'बंद'! आणि मी गेलो होतो कशाला? पडद्याच्या कड्या आणायला, रोख पैसे देऊन!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा काय बडबडतोय.

माझं दुकान पडद्यांचं. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. चांगलं चाललं होतं हो... मग आमचा रस्ता खणला. पाइप टाकायचे म्हणून खणला, पाइप चुकीचे टाकले म्हणून परत खणला, आणि आता कशासाठी खणलाय ते खणणाऱ्यालाही आठवत नाही. दुकानात यायचं तर फळीवरून. आता मला सांगा, पडद्याचं कापड बघायला कोण फळीवरून तोल सावरत येणार? वर्षभर मी आणि नमुन्याचा सोफा, दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

आणि घरात मुलगी सातवीत. आमच्या लोकांच्या शाळेत, यहुदी मुलांच्या. सकाळी प्रार्थना, हिब्रू आणि तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ. दुपारी गणित, भूगोल, शास्त्र. म्हणजे इतर मुलांच्या दुप्पट अभ्यास, आणि फी पण त्याच हिशोबाने! शुक्रवारी शाळा लवकर सुटते, कारण सूर्य मावळला की शब्बाथ, मग शनिवारभर काम नाही, पैशाला हात लावायचा नाही. खरं सांगू? गेल्या वर्षी पैशाला हात न लावण्यासाठी मला शनिवारची वाट बघावी लागलीच नाही.

पण शाळा कशी आहे म्हणाल तर... एकच गोष्ट सांगतो. मुलगी आमची अबोल. घरी काही विचारलं तर 'हं', फार झालं तर 'उंहूं'. एकदा डबा द्यायला गेलो, वर्गाच्या दाराबाहेर उभा होतो. आत सर तोरातल्या एका ओळीचा अर्थ सांगत होते, आणि ही, आमची ही, उभी राहून म्हणाली, "सर, मला नाही पटत."  आमच्या वेळी असं म्हटलं असतं तर कान लाल झाले असते. आणि सर? सर खूष! खडू खाली ठेवला, बाकावर टेकले, म्हणाले, का नाही पटत ते सांग. आणि ती सांगत सुटली. डबा हातात घेऊन मी तिथेच उभा, डबा गार झाला तरी उभाच.

त्या शाळेतून तिला काढायची होती मला. फी झेपत नव्हती, दुसरं काय! बायको म्हणाली, अहो, मोठ्या बाईंना जाऊन सरळ सांगा, पुढच्या वर्षी जमणार नाही, नाव काढतोय म्हणून, आपण काय चोरी केलीय का? मी म्हटलं, बरं. नमुन्याच्या सोफ्यापुढे उभं राहून वाक्य पाठ केलं. "बाई, पुढच्या वर्षी मुलीला आम्ही दुसऱ्या शाळेत घालतोय." झकास जमायचं. सोफा मध्ये बोलत नाही ना!

मोठ्या बाई बोलतात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. एवढीशी मूर्ती, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि तोच चष्मा शाळाभर शोधत फिरणार. मी दारात उभा राहिलो तर, "या, या, बसा, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, ह्या इकडच्या खुर्चीवर बसा, तुमचीच आठवण काढत होते." मी म्हटलं, बाई, पुढच्या वर्षी... "पुढच्या वर्षीचंच म्हणतेय मी! निधी समितीला अध्यक्ष नाही. तुम्ही लोकांच्या घरात जाता, खिडक्या मोजता, लोक तुम्हाला दार उघडतात. तुमच्यासारखा माणूस नाही." मी म्हटलं, बाई, पण माझी मुलगी... "मुलगी गुणाची आहे, काही काळजी नको, पहिली बैठक मंगळवारी." आणि मी बाहेर! मधल्या जिन्यावर मला कळलं की मी 'हो' म्हणून आलोय. मी गेलो होतो कशाला, आणि आलो काय घेऊन! घरी बायको विचारते, सांगितलंत का? काय सांगू तिला? म्हटलं, अध्यक्ष झालो. तिने नुसता फीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

आता हा निधी कसला, तर ज्यांना फी जमत नाही त्यांच्यासाठी. घ्या! ज्याची फी जमत नाही तोच फीसाठी दारोदार! आणि त्याचा नियम असा, की देणाऱ्याला कळायचं नाही कोणाला गेलं आणि घेणाऱ्याला कळायचं नाही कोणी दिलं. बाईंनी काढलेला नाही हं हा नियम, आमच्यात पूर्वापार असंच आहे, दान दिसता कामा नये. सगळं ठाऊक फक्त शाळेच्या हिशेबनिसांना, आणि ते इतके घुमे, की त्यांना वेळ विचारली तर घड्याळ दाखवतात, बोलत नाहीत. बाईंनी मला बजावलं, कोणीही विचारलं कोणासाठी, तर म्हणायचं, ते विचारायचं नाही.

आणि तुम्हाला सांगतो, मला ते जमायला लागलं! स्वतःसाठी एक वाक्य बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती माझी, आणि दुसऱ्यासाठी मागायचं म्हटल्यावर काय निर्लज्जपणा अंगात संचारला! दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मला खुर्चीत आडवा करून तोंडात आरसा घातला, तर मी आरशासकट मागितलं, आ आ करत. त्यांना कळलं, त्यांनी दिलं. वरून एक दाढ काढायला हवी म्हणाले, ती गोष्ट वेगळी.

फक्त वकील! वकील म्हणजे आमच्या समितीचे जुने सभासद. असा चिकट माणूस मी पाहिला नाही. बैठकीत चहा भाषणाआधी की नंतर यावर त्यांनी इतका घोळ घातला की चहा झालाच नाही. त्यांच्या घरी गेलो तर दारातच उभं ठेवलं, आणि माझ्याकडे बघत बघत हळूच म्हणाले, "घेणाऱ्याला फार लाजल्यासारखं होत असेल, नाही?" माझं डोकंच फिरलं. वाटलं, ह्यांना कळलंय, टोमणा मारतायत. मी ताडकन म्हटलं, "लाज कसली त्यात? वेळ कोणावरही येते. आज एकाचा रस्ता खणलाय, उद्या दुसऱ्याचा." बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. हे वाक्य मी स्वतःला एकदाही म्हटलं नव्हतं हो... वकील वळले. आत गेले आणि पाकीट आणून दिलं.

तिथून तसाच शाळेत. म्हटलं, आज सांगून टाकायचंच. बाई, म्हटलं, मला एक मिनिट... तर बाई म्हणाल्या, बरं झालं आलात, निधीसाठी लिलाव करायचाय, तो पण तुम्हीच पुकारायचा, तुमचा आवाज चांगला आहे. पुन्हा तेच! मी गेलो होतो कशाला, आणि आलो काय घेऊन!

लिलाव वचनांचा. वस्तू विकायच्या नाहीत, ज्याला जे काम येतं ते त्याने द्यायचं. डॉक्टर एका कुटुंबाचे दात साफ करून देणार. मी एका खोलीचे पडदे शिवून देणार. बटणवाल्या आजी वर्षभर दर शुक्रवारी शब्बाथचा पाव भाजून देणार, वेणी घातलेला, वरून तकतकीत. आणि वकील काय देणार? एक मृत्युपत्र. फुकट! आता ह्यावर बोली कोण लावणार?

रविवारी दुपारी शाळेचं सभागृह भरलं. आणि त्याआधी काय झालं, ऐका. दान दिसता कामा नये ना! मग एकेक जण मला कोपऱ्यात घ्यायला लागला. डॉक्टर म्हणाले, आजींचा पाव मला हवाय, घरी आनंद होईल, पण बोली मी लावलेली कोणाला दिसता कामा नये, मी टायला हात लावला की तुम्ही आकडा चढवा. म्हटलं, ठीक. मग डॉक्टरांची बायको आली, पाव मला हवाय, ह्यांना कळू देऊ नका, मी पर्स ह्या हातातून त्या हातात घेतली की चढवा. म्हटलं... ठीक. मग डॉक्टरांची आई! पाव मला हवाय, मुलाला नि सुनेला पत्ता लागता कामा नये, मी खोकले की चढवा.

एकाच घरातली तीन माणसं, एकाच टेबलावर जेवणारी, एकाच पावासाठी, एकमेकांविरुद्ध! आणि ठाऊक कोणाला? फक्त मला. आणि बोलायची सोय नाही, कारण नियम! मी धावत बाईंकडे गेलो, म्हटलं बाई, असा असा घोटाळा आहे, नावं सांगत नाही, पण काय करू? बाईंनी शांतपणे कपाळावर चष्मा चाचपला आणि म्हणाल्या, "पुकारा. पाव शेवटी त्यांच्याच पोटात जाणार आहे."

पुकारलं. टाय! चढवलं. पर्स! चढवलं. खोकला! परत टाय, परत पर्स, डॉक्टर घामाघूम, इकडेतिकडे बघतायत कोण हा दुष्ट माझ्या आईच्या तोंडचा पाव पळवतोय, आणि आई शेजारीच, खोकतेय! बरं, सभागृहात धूळ, तिला पुढे पुढे खराच खोकला लागला. आता मी काय करायचं? खरा कुठला आणि बोलीचा कुठला, मला काय ठाऊक! मी चढवत गेलो. शेवटी टाय थकला, पर्स थकली, आणि मी हातोडा आपटून म्हटलं, "दिला, नाव न सांगणाऱ्या दात्याला!" टाळ्या! सगळ्यात जोरात टाळ्या डॉक्टरांच्या आईच्या, खोकत खोकत. माझा हात दुखत होता हो, पण त्या तिघांकडे बघून मला जे भरून आलं म्हणता... लपून घ्यायला धडपडणारी माणसं खूप बघितली, लपून द्यायला धडपडणारी एवढी एका खोलीत नव्हती बघितली.

मग आलं मृत्युपत्र. सभागृह चिडीचूप. वकील खाली मान घालून बसलेले. मी पुकारतोय, पुकारतोय, कोणी हूं की चूं करेना. मला तो माणूस आवडत नाही, तरी मला बघवेना. तेवढ्यात बटणवाल्या आजी उठल्या. म्हणाल्या, घेते मी, माझ्या वयात तेवढीच एक गोष्ट वाया जाणार नाही! सगळे हसले, वकीलसुद्धा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी निश्चय करून गेलो. बाईंच्या खोलीत शिरलो, हलणाऱ्या खुर्चीवर मुद्दाम बसलो, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सगळं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "बाई, पुढच्या वर्षी मुलीला आम्ही दुसऱ्या शाळेत घालतोय, फी जमत नाही." झालं! सुटलो म्हटलं.

बाई म्हणाल्या, "तिची पुढच्या वर्षीची फी भरलेली आहे."

मी म्हटलं, मी तर काही मागितलं नाही. मी कोणाला सांगितलंच नाही. तुम्हाला कसं कळलं?

"वर्षभर तुमचा रस्ता खणलाय. चष्मा माझा कपाळावर असतो, डोळे जागेवरच आहेत."

"पण दिली कोणी?"

तर बाई अशा बघायला लागल्या माझ्याकडे. म्हणाल्या, अध्यक्षच असं विचारायला लागले तर आम्ही बाकीच्यांना काय तोंड दाखवायचं? माझाच नियम माझ्याच तोंडावर!  डोळ्यांत पाणी आलं हो, लपवून काय करू. कसंबसं म्हटलं, मग बाई, सगळं ठाऊक असताना मलाच अध्यक्ष का केलंत?

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. तो जागेवर बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग म्हणाल्या, "ज्या वर्षी घ्यायची वेळ येते ना, त्या वर्षी माणसाने घरात तोंड लपवून बसू नये. दहा घरी जावं, देणाऱ्यांमध्ये उभं राहावं. म्हणून."

मी उठलो. जिना उतरताना सहज मनात आलं, गेल्या वर्षी अध्यक्ष कोण होतं बरं? आणि पाय पायरीवरच थांबला. वकील होते. दारात उभं ठेवून मला विचारणारे वकील... पुढचं मी डोक्यात येऊच दिलं नाही. असंही असेल की बाईंनी त्यांना नुसतं भांडकुदळ म्हणून केलं असेल अध्यक्ष, बाईंचा काय नेम! ते विचारायचं नाही.

घरी सांगितलं. बायको रडली, मुलगी 'हं' म्हणाली आणि अभ्यासाला बसली. पण माझी काय अवस्था झालीय बघा आता! आभार मानायचे तर कोणाचे? डॉक्टर असतील, डॉक्टरांची आई असेल, आजी असतील, कोणीही असेल. म्हणजे सगळ्यांशीच नीट वागणं आलं! पूर्वी कसं, चार माणसांशी भांडण, दोघांशी अबोला, आयुष्य छान भरलेलं होतं. आता दिसेल त्याला नमस्कार. काल वकिलांनी भर रस्त्यात गाठलं, त्या खड्ड्याच्या कडेला, आणि लिलावाचे नियम कसे चुकीचे होते हे पहिल्या कलमापासून सांगायला घेतलं. मी आपला 'हो ना, हो ना' करत उभा! काय करता? त्यांनीच दिली असली फी तर ऐकून घ्यायलाच हवं. आणि दिली नसली... तर त्यांनाही कधीतरी कोणीतरी दिली असेल, मग तर बसूनच ऐकायला हवं!