समुद्र कुणाच्या बाजूला

ड्रायव्हिंग लायसन्सच्या रांगेत एका नर्सबाईंच्या मागे एक आजी-आजोबा उभे होते आणि दोघांची चांगलीच जुंपली होती.

"परदेशात आठवडाभर समुद्राकाठानं गाडी हाकली मी. पाहिलं काय? पुढच्या ट्रकची नंबरप्लेट तेवढी तोंडपाठ झाली!"

"अहो, मी सांगत होते की सगळं. आता निळा आहे, आता हिरवा झाला, ती बघा बोट..."

"रेडिओवर मॅच ऐकल्यासारखं."

"मग गाडी थांबवायची."

"थांबलं की पार्किंगचे पैसे. 'नुसतं बघायला कसले पैसे?' असं कोण म्हणालं?"

"मीच म्हणाले. म्हणूनच गाडीत झोपून, पाव-जॅम खाऊन का होईना, पार टोकापर्यंत गेलो ना?"

"गेलो. पण समुद्र तुझ्या वाट्याला आणि वळणं माझ्या!"

नर्सबाईंना हसू आवरेना. त्या बाजूला सरकल्या.

"आजोबा, व्हा तुम्ही पुढे."

"माझं नाही हो काही. हिचं शिकाऊ लायसन्स काढायचंय."

"पुढच्या वर्षी परत तोच रस्ता," आजी पदर खोचत खिडकीशी गेल्या. "आणि गाडी मी चालवणार."

"अगं, पण मग तुला कुठला दिसायला समुद्र?"

"तुम्ही आहात की सांगायला."