फक्त प्रोसेसर

शी शी शी! वीट आलाय मला या सल्ले देणाऱ्यांचा! तुम्हाला सांगतो, घरात जुना कॉम्प्युटर असावा, पण तो असल्याचं चारचौघांना कळू देऊ नये! अहो, मला फक्त प्रोसेसर बदलायचाय... घर पाडून नवं बांधायचं नाहीये!

झालंय काय, आमची लेक नोकरीसाठी लांब गेली आणि जाताना तिचा हा गेमिंगचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारून गेली. दर रविवारी ती तिकडून, मी इकडून, गाड्यांची शर्यत लावतो. हसू नका! वळणावर अशी गाडी काढतो की बघत राहाल! पण मध्यंतरी त्या गेमचं नवीन व्हर्जन आलं आणि आमच्या या धुडाला धाप लागली. ती बिचारी तिकडे शर्यतीच्या रेषेवर उभी, आणि इकडे पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंय... फिरतंय... मी आपला इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेतो, पण लाज वाटते हो! पोरगी कंटाळली आणि तिनं रविवारच बंद केला तर? मग मी काय भिंतीशी बोलू?

म्हणून गेलो दुकानात. दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता नाकातल्या आवाजात म्हणतो, "काका, नवा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसणार नाही. बोर्ड बदला." बरं, बदलू. "मग रॅमही बदलावी लागेल." का? "जुनी नव्यात जात नाही." बरं बाबा! "मग पॉवर सप्लाय..." अहो, मला फक्त प्रोसेसर बदलायचाय! तर म्हणतो, "काका, खुर्ची कशी आहे तुमची?" खुर्ची! खुर्चीचा काय संबंध? उद्या म्हणेल, काका, तुम्हीच जुने झालात, तुम्हालाच बदलू!

घरी येतो तर आमचा मेव्हणा हजर. सर्वज्ञ! "भाऊजी, नवा कशाला? याच बोर्डावर बसणारा, कुणीतरी वापरलेला, जरा वरचा प्रोसेसर घ्या." चला, म्हटलं, जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला! आणि मी हो म्हणायच्या आत यानं कॉम्प्युटरचा डबा उघडलासुद्धा... अहो, काय ते आत! पंख्यावर धुळीची गोधडी, त्यात केस, त्यात मेलेली झुरळं, आणि पंखा काढला तर खाली प्रोसेसर गार ठेवणारी ती पेस्ट वाळून नुसती खपली झालेली! शी! आणि या महाशयांनी काय करावं? फुंकर मारली! सगळं माझ्या तोंडात! अजून दाताखाली कचकचतंय... थू! वर आतून आमची ही ओरडते, "तुम्ही दोघं काय तो घाणेरडेपणा बाहेर जाऊन करा!" अगं बाई, मला फक्त प्रोसेसर बदलायचाय, मी काय हौसेनं धूळ खातोय?

शेवटी वैतागलो. म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे, सगळंच नवं घेऊन टाकू! बोर्ड, रॅम, खुर्ची, सगळं! रविवारी ते चक्र फिरत होतं, तेवढ्यात मोठ्या तोऱ्यात लेकीला सांगितलं, "आता बटण दाबलं की गेम सुरू! तुला ताटकळायला नको." तर ती हळूच म्हणते, "बाबा, नका ना बदलू."

"अगं, का?"

"तुमचा गेम उघडेपर्यंतच काय ते आपण बोलतो. एकदा सुरू झाला की तुम्ही नुसते ओरडता... बाजूला हो! ब्रेक मार! गाढव कुठली!"

कप्पाळ माझं! केला दुकानदाराला फोन. म्हटलं, "ते सगळं राहू द्या. याच्यापेक्षा हळू चालणारा एखादा प्रोसेसर असला तर सांगा."

तर म्हणतो कसा, "काका, याच्यापेक्षा हळू आता कुणी बनवतच नाही."