पहिली बुडी

साहेब : ...कानाचंच दुखणं आहे, वहिनी. डॉक्टरांची चिठ्ठीही आणलीय. उद्याच्या पहिल्या बुडीतून मॅडमनी मला तेवढं वगळावं.

आई : कुठला कान, साहेब? चोवीस वर्षांपूर्वी दुखत होता तोच, की आता दुसरा धरलाय?

लेक : आई, त्यांना बसू तरी दे.

आई : बसलेत की, माझ्याच खुर्चीत. पाणबुडीत बसायचं म्हटलं की मगच यांचा कान ठणकतो.

साहेब : मॅडम, तुम्ही आता मुख्य अभियंता. तुमच्या एका शब्दाचं काम आहे.

लेक : गोदीचा नियम तुम्हीच शिकवलात, सर. कवचाच्या दाखल्यावर ज्याची सही, तो पहिल्या बुडीत आत. सल्लागार म्हणून सही तुमची आहे.

आई : तेव्हाही यांचीच होती. आत मात्र गेला माझा नवरा. साधा वेल्डर, त्याच्या सहीला कोण विचारतो! सांधा तडकला, तर छातीभर पाण्यात उभं राहून पाचर ठोकली त्यानं. आठ माणसं जिवंत वर आणली. आणि वर आल्यावर तुम्ही काय म्हणालात? ‘वेल्डिंग कच्चं.’

साहेब : चौकशी समितीनं तसा निष्कर्ष—

आई : समितीच्या कानात कोण सांगायला गेलं होतं, माझी सासू? पोरी, आण गं तो कागद.

लेक : तुमचं तेव्हाचं ड्रॉइंग, सर. गोदीच्या दफ्तरात सापडलं. या सांध्यापाशी बाबांनी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘इथे प्लेट पातळ पडतेय, तडकेल.’ खाली ‘पाहिले’. आणि तुमची सही.

(साहेब कागद उलटा ठेवतात. आई तो पुन्हा सुलटा करते.)

आई : मला धड वाचता येत नाही, पण त्याचं अक्षर अंधारातही ओळखीन. कामावरून काढलेला माणूस मरेपर्यंत अकरा वर्षं या खिडकीशी बसला. गोदीचा भोंगा झाला की उठायचा, चपला शोधायचा, परत बसायचा. ही तेव्हा नववीत. म्हटलं, पोरी, ठिणग्या उडवणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, तू रेषा ओढायला शीक. दुसरं काही शिकूच दिलं नाही मी हिला.

साहेब : काय हवंय तुम्हाला, वहिनी?

आई : चूक कुणाची, ते लिहा. याच कागदावर, पेनानं. पेन्सिलीचं लिहिलेलं तुम्हाला दिसत नाही.

लेक : उद्या बुडीआधी मी ते सगळ्या कामगारांसमोर वाचणार आहे, सर.

साहेब : ...घ्या. लिहिलं.

आई : मोठ्यानं वाचा. जोडाक्षरं जमत नाहीत मला.

साहेब : ‘ड्रॉइंग चुकीचं होतं. वेल्डरनं आधी सांगितलं होतं. दोष माझा.’

आई : शेवटचं पुन्हा.

साहेब : ‘दोष माझा.’

आई : हं.

साहेब : मग उद्या मी... नाही आलो तर चालेल ना?

आई : असं कधी म्हटलं मी? सकाळी सातला या, कानात कापूस घालून. पोरी, यांना तुझ्या बापाच्या जागी बसव. त्याच सांध्यापाशी.

लेक : बसवते.

साहेब : वहिनी, अहो, त्या सांध्यापाशी...

आई : घाबरू नका, साहेब. या खेपेला ड्रॉइंग तिचं आहे.